ओळख आणि आचरण



समलिंगी व्यक्तीला विरोध नाही, विरोध आहे तो तिच्या आचरणाला, असा युक्तिवाद अनेक धर्मसंस्था करीत आल्या आहेत. अमेरिकेत तो सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या तत्कालीन हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयातील एक ख्रिस्ती विद्यार्थिसंघ सभासदांकडून श्रद्धापत्रावर सही घेई आणि समलिंगी आचरणाचा पश्चात्ताप न करणाऱ्यांना सभासदत्व नाकारी. संघटनांचे दार सर्व विद्यार्थ्यांना खुले असावे, हा महाविद्यालयाचा नियम. २०१० साली पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम ग्राह्य ठरला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी ओळख आणि आचरण यांची फारकत याच निकालात नाकारली. ज्यूंच्या टोपीवरचा कर हा ज्यूंवरचाच कर होय, हा १९९३ च्या एका निकालातील दाखला त्यांनी पुढे केला. गंमत अशी, की तो दाखला न्यायमूर्ती स्कालिया यांचा. आणि या खटल्यात तेच विरोधी मताच्या बाजूस होते! अर्थात विरोधी मत पोकळ नव्हते. श्रद्धेवर उभ्या संघाला ती श्रद्धा न मानणारेही सामावून घ्यावे लागले, तर त्याचे स्वत्व कसे टिकावे?

भारतात हीच फारकत खुद्द न्यायालयाने केली होती. दंडसंहितेचे कलम ३७७ काही कृत्यांना लागू आहे, कोणत्याही समूहाला नव्हे, असे २०१३ च्या निकालाने सांगितले. टांगती तलवार मात्र त्या समूहावरच राहिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध त्या कलमातून मुक्त केले.