आजीचा चौकोनी गणपती

आजच्या भागात पाहुणे कुणी नाहीत, मी एकटीच बोलणार आहे, आणि बोलणार आहे ते माझ्याच एका चुकीबद्दल. विषय तसा रुक्ष वाटेल: टीव्हीच्या एका वाहकलहरीत किती चॅनेल कोंबायचे, आणि HD ला जागा दिली की ती कोणाच्या वाट्यातून जाते. पण सुरुवात आजीपासून करते.

12 सप्टेंबर 2019, अनंत चतुर्दशी. माझी आजी जन्मभर नारायण पेठेत राहिली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाबांनी तिला आमच्याकडे धायरीला आणलं. लक्ष्मी रोडवर जाऊन मिरवणूक बघणं बंद झालं, म्हणून सकाळी मंडईतून मिरवणूक निघाली की ती टीव्हीसमोर बसायची ते थेट झोप येईपर्यंत. त्या दिवशी दुपारी तिचा मला ऑफिसात फोन. "अगं, गुरुजी तालीम आलाय. गुलाल उधळला की गणपती चौकोनी होतोय. डोळे तपासायला हवेत का माझे?"

डोळे ठणठणीत होते. तो गणपती मी चौकोनी केला होता.

2018 साली ईअँडटीसीत बीटेक करून मी एका कंपनीत लागले होते. केबलवाल्यांच्या हेडएंडमधली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. हेडएंड म्हणजे जिथे गच्चीवर ओळीने डिश असतात आणि खाली एसी खोलीत रॅक. उपग्रहावरून चॅनेल तिथे उतरतात, परत दाबले जातात आणि केबलमधून घरोघर जातात. आमचा एक ग्राहक होता, नाव सांगत नाही, त्याच्या चॅनेलची मांडणी त्या उन्हाळ्यात मी केली होती. आमच्या सोसायटीत केबल त्याचीच.

आता थोडं मागे जाऊ. जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीत हिशोब सरळ होता. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दूरदर्शन यायचं, तेव्हा 7 मेगाहर्ट्झची एक पट्टी आणि त्यात एक कार्यक्रम. केबलमध्येही तसंच, एक पट्टी, एक चॅनेल. पट्ट्या संपल्या की चॅनेल संपले. पुण्यात केबल डिजिटल करायची मुदत होती 31 मार्च 2013. मी अकरावीत होते, घराघरात सेट टॉप बॉक्सची धावपळ चाललेली आठवते. त्यानंतर 8 मेगाहर्ट्झच्या एका पट्टीतून चित्र जायचं बंद झालं, आकडे जायला लागले: सेकंदाला सुमारे 38 मेगाबिट. या पट्टीला आम्ही कॅरिअर म्हणतो. त्यातून जाणाऱ्या चॅनेलच्या जुडीला मल्टिप्लेक्स म्हणतात, पॉपकॉर्नवालं नव्हे.

38 मेगाबिट म्हणजे किती? न दाबलेलं साधं SD चित्र सेकंदाला सुमारे 124 मेगाबिट खातं. म्हणजे एकही चॅनेल मावत नाही. मग दाबायचं. दाबण्याची युक्ती अशी की प्रत्येक फ्रेम नव्याने पाठवायचीच नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा काय हललं तेवढं सांगायचं. स्टुडिओत बसलेला निवेदक ओठ हलवतो, बाकी सगळं स्थिर, एक-दीड मेगाबिटात काम होतं. क्रिकेटला जास्त लागतात. आणि एन्कोडरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ज्यात प्रत्येक बिंदू आपल्या मर्जीने हलतो असं दृश्य. पाऊस, पाण्यावरची चमक, लुकलुकणारी रोषणाई. आणि गुलाल! हवेत उडालेल्या गुलालाचं पुढच्या फ्रेममध्ये काय होणार याचा अंदाज कुठलंही यंत्र बांधू शकत नाही. बिट पुरले नाहीत की एन्कोडर बारकावे टाकून देतो आणि चित्राचे ठोकळे दिसायला लागतात. तेच आजीचे चौकोन.

मग वाटप कसं करायचं? प्रत्येकाला समान 2 मेगाबिट दिले तर निवेदकाकडे वाया जातात आणि क्रिकेटला कमी पडतात. म्हणून स्टॅटिस्टिकल मल्टिप्लेक्सिंग. प्रत्येक एन्कोडर सतत सांगत राहतो, "माझं दृश्य आत्ता इतकं अवघड आहे", आणि वरचा एक कारभारी क्षणाक्षणाला 38 मधले वाटे बदलतो. जुन्या वाड्यात एक हंडा पाणी आणि सहा बिऱ्हाडं असत, तसं. सगळ्यांची आंघोळ एकाच वेळी निघत नाही, या भरवशावर ते चालतं. हा भरवसा लक्षात ठेवा.

त्या कारभाऱ्यालाही नियम कोणीतरी घालून द्यावे लागतात. प्रत्येक चॅनेलसाठी तीन आकडे: किमान किती, कमाल किती, आणि प्राधान्य. ते मी भरायचे. वय वर्षं 23.

2019 हे केबलच्या धंद्यात मोठ्या उलथापालथीचं वर्ष होतं. फेब्रुवारीपासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली, 130 रुपये अधिक कर भरून 100 चॅनेल आणि वर आपल्या आवडीचे. त्यात एक गंमत होती. 100 चॅनेलच्या मोजणीत एक HD म्हणजे दोन SD धरायचे. चॅनेलवाल्यांकडून केबलवाल्याला मिळणाऱ्या कॅरेज फीची कमाल मर्यादाही त्याच प्रमाणात, ग्राहकामागे महिन्याला SD साठी 20 पैसे, HD साठी 40. कागदावर 1 ला 2. पण HD च्या चित्रात SD च्या बरोबर पाचपट बिंदू असतात. HD नव्या H.264 पद्धतीने दाबलं तरी नीट दिसायला आमच्याकडे सरासरी 7 मेगाबिट लागायचे, आणि SD जुन्या MPEG-2 मध्ये असून 2 च्या आसपास उरकायचं. SD सुद्धा H.264 मध्ये का नाही? कारण घराघरातले 2013 चे बॉक्स, जे नवी पद्धत उलगडतच नाहीत. ते बदलायचे पैसे कोण देणार?

तर आमच्या ग्राहकाला पाच नवे HD चॅनेल हवे होते. खेळ, सिनेमा, असे, ज्यांना मागणी आहे. पाच HD म्हणजे 35 मेगाबिट, अख्खा एक कॅरिअर. नवा कॅरिअर टाकायला जागा नव्हती, कारण रस्त्यावरचे अ‍ॅम्प्लिफायर जुने, वरच्या फ्रिक्वेन्सी पोचायच्याच नाहीत. मग एक चालता कॅरिअर रिकामा केला आणि त्यातले SD चॅनेल इतरांमध्ये वाटून टाकले. तक्रार एकही आली नाही. HD घेतलेले खूश. SD वाल्यांचं चित्र किंचित मऊ झालं, पण मऊ झालेलं कोणाच्या बिलावर लिहून येत नाही. बिलावर चॅनेलची संख्या असते, मेगाबिट नसतात.

या फेरवाटपात मी नीटनेटकेपणा दाखवला. सगळे मराठी बातम्यांचे चॅनेल, स्थानिक धरून सात, एकाच कॅरिअरमध्ये ठेवले. सोबत पाच हिंदी बातम्यांचे आणि सहा सिनेमांचे. एकूण 18, सरासरी 2.1. खरं तर रिमोटवरच्या नंबरांचा आणि कॅरिअरचा काही संबंध नसतो, 401 आणि 402 वेगवेगळ्या कॅरिअरमध्ये असले तरी बॉक्सला फरक पडत नाही. पण एक्सेल शीटमध्ये छान दिसत होतं ना! मग आठवडाभराची मोजणी घेतली, बातम्यांचे चॅनेल म्हणजे बोलणारी डोकी असं ठरवलं, आणि त्यांना कमाल 2.5 देऊन प्राधान्य खालचं दिलं. सिनेमांना वरचं.

इशारा मिळाला होता. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरचा पूर आला तेव्हा सातही चॅनेल दिवसभर पाणी दाखवत होते, आणि लॉगमध्ये तेच सात सतत कमाल मर्यादेला टेकलेले दिसत होते. तो लॉग मी पाहिला होता. पुराच्या बातम्यांत चित्राची प्रत कोण बघतं, असं म्हणून फाइल बंद केली.

आजीच्या फोननंतर मी आधी कमाल मर्यादा उठवली. 2.5 ची 4.5 केली, प्राधान्य वाढवलं, आणि घरी फोन करून विचारलं. "थोडं बरं आहे," आजी म्हणाली. दहा मिनिटांत हेडएंडच्या तंत्रज्ञाचा फोन, "मॅडम, काय केलंत? सिनेमाचे सगळे चॅनेल फुटतायत."

तेव्हा कागद घेऊन बसले. सात चॅनेलना प्रत्येकी 4.5, म्हणजे 31.5. उरलेल्या अकरांना किमान 1.2 धरले तरी 13.2. बेरीज 44.7, आणि हंडा 38 चा. कसेही आकडे फिरवा, बसणार नाही. सात बिऱ्हाडांची आंघोळ एकाच वेळी निघाली होती. एरवी एका चॅनेलवर चर्चा असते, दुसऱ्यावर जाहिरात, तिसऱ्यावर मोर्चा, म्हणून ते एकमेकांना सांभाळून घेतात. विसर्जनाच्या दिवशी सातही कॅमेरे लक्ष्मी रोडवर, एकाच गुलालाकडे रोखलेले. आणि रात्री रोषणाईची मंडळं यायची बाकीच होती.

चॅनेल दुसऱ्या कॅरिअरमध्ये हलवणं हा उपाय होता, पण तो त्या दिवशी शक्य नव्हता. नेटवर्कचे तक्ते बदलावे लागतात, मग प्रत्येक घरातला बॉक्स पुन्हा शोध घेतो, आणि जुने बॉक्स त्यात कधी कधी अडकून बसतात. मिरवणुकीच्या मध्यात हजारो घरांचे टीव्ही काळे पडले असते. सर म्हणाले, "आज राहू दे." सिनेमावाल्यांकडून थोडं परत घेतलं, थोडं त्यांना दिलं, आणि दोघांचंही वाईट दिसेल अशा एका आकड्यावर थांबले. HD च्या कॅरिअरला कोणी हात लावला नाही. तो लावायचाच नाही असं करारात होतं. त्या संध्याकाळी पाच HD चॅनेलवर काय चाललं होतं ते मी मुद्दाम पाहिलं. एकावर जुन्या सामन्याचं पुनःप्रक्षेपण होतं, 7 मेगाबिटमध्ये, गवताचं पातं न् पातं दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात मराठी बातम्या चार कॅरिअरमध्ये विखुरल्या. सोबतीला कार्टून, पाककृती, प्रवचनं. प्रवचनकार फारसे हलत नाहीत, त्यांचे उरलेले बिट बातम्यांना मिळतात. शीट विस्कळीत दिसते, पण चालते.

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. हे सांगितलं तर म्हणाला, आमच्याकडे अँटेनावर हेच. तिथे एका स्टेशनला 6 मेगाहर्ट्झ, म्हणजे 19.39 मेगाबिट मिळतात. त्यात 4.1 वर HD आणि 4.2, 4.3 असे उपचॅनेल. जुन्या मालिकांचा एक उपचॅनेल वाढवला की मुख्य HD मधून तेवढे बिट कापायचे. तिथे किमान हा हिशोब एकाच मालकाच्या घरातला असतो. आपल्या केबलवर चॅनेल एकाचे, तार दुसऱ्याची, आणि आकडे भरणारी तिसरीच.

आजीला मी हे कबूल केलं, बरं का. कॅरिअर, मेगाबिट, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्या सिनेमावाल्यांना तू माझ्यापेक्षा जास्त दिलंस?"

हो म्हणाले. पुढची दोन वर्षं करोनामुळे मिरवणूकच निघाली नाही. 2022 ला निघाली तेव्हा मी सुट्टी टाकून दिवसभर तिच्या शेजारी बसले होते, मांडीवर लॅपटॉप घेऊन. गुरुजी तालीम आला तसा आलेख वर गेला, 4.3 ला पोचला आणि तिथे राहिला. आजी म्हणाली, "ते बंद कर आणि इकडे बघ."