यंत्र आपले, पण त्याचे आयुष्य कोणाच्या हाती?



पैसे मोजून दिले म्हणजे वस्तू आपली झाली, ही समजूत फार जुनी आहे. तांबटाकडून हंडा आणला की व्यवहार संपला. पुढे तांबटाने दुकानाला टाळे लावले, म्हणून काही घरातल्या हंड्यात पाणी राहीनासे होत नाही. या साध्या समजुतीला गेल्या दहा-बारा वर्षांत जो धक्का बसला आहे, त्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ज्याला हल्ली ‘स्मार्ट होम’ म्हणतात, त्या घरातील दिवे, पंखे, दाराची कुलुपे, पाळतीचे कॅमेरे ही सारी एकमेकांशी बिनतारी जोडलेली असतात. तोंडाने आज्ञा केली, किंवा फोनवर बोट ठेवले, की दिवा लागतो. पाहणाऱ्यास वाटते, आज्ञा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली. पुष्कळ यंत्रांत तसे घडत नाही. आज्ञा घराबाहेर पडते, इंटरनेटच्या वाटेने कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते; तेथे तिचा अर्थ लावला जातो आणि मग हुकूम माघारी येतो. बैठकीतला दिवा लावावयाचा, तर त्यासाठी परमुलखाची वारी! ही वारी निमिषात होते, म्हणून ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. ध्यानात येते ती सर्व्हर बंद पडला म्हणजे.

अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाची एक पेटी विकली जात असे. निरनिराळ्या कंपन्यांची घरगुती उपकरणे तिच्याद्वारे एकत्र चालविता येत. किंमत सुमारे ३०० डॉलर, आणि सोबत आजीवन सेवेचे वचन. २०१४ साली गूगलच्या मालकीच्या नेस्ट कंपनीने रिव्हॉल्व्ह विकत घेऊन पेटीची विक्री थांबविली, आणि १५ मे २०१६ रोजी सेवाही बंद केली. पेटी फुटली नव्हती, जळली नव्हती. तरी ती निरुपयोगी झाली. ‘आजीवन’ या शब्दातले जीवन नेमके कोणाचे, असा प्रश्न गिऱ्हाइकांनी विचारला आणि मोठा गवगवा केला. कंपनीने पैसे परत देण्याची तयारी दाखविली. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. पण पेट्या थोड्याच विकल्या गेल्या होत्या आणि रक्कम परत मिळत होती, हे पाहून जुलै २०१६ मध्ये कारवाई न करता प्रकरण मिटविले. गिऱ्हाइकांची भरपाई झाली. पुढच्यांसाठी नियम मात्र घडला नाही.

अशा वेळी वाया काय जाते, हेही पाहिले पाहिजे. या प्रत्येक यंत्राच्या पोटात सिलिकॉनची एक चिप असते. अतिशुद्ध सिलिकॉनच्या चकतीवर थरामागून थर चढवीत, शेकडो क्रिया करीत ती घडवावी लागते. त्यात आठवड्यांमागून आठवडे जातात. धुळीचा कण चालत नाही, आणि चकत्या धुण्यास अतिशुद्ध पाणी अमाप लागते. २०२१ साली तैवानात अवर्षण पडले, तेव्हा टीएसएमसीसारख्या अग्रगण्य कंपनीला टँकरने पाणी आणण्याची वेळ आली. त्याच वर्षी जगभर चिपांचा तुटवडा होता. अगदी स्वस्त चिप मिळेना, म्हणून मोटारींचे कारखाने थांबले. इतक्या सायासाने घडलेली ही वस्तू नीट वापरल्यास वर्षानुवर्षे चालते. तेव्हा सेवा बंद झाली म्हणून यंत्र फेकावयाचे, म्हणजे चिप जिवंत असता यंत्राला मूठमाती देणे होय.

न्यायाने बोलावयाचे, तर कंपन्यांचीही एक बाजू आहे. सर्व्हर चालविण्यास दरमहा खर्च येतो. चोरट्यांनी शोधलेली छिद्रे बुजवीत राहावे लागते. एकदा घेतलेल्या किमतीत हे अनंत काळ कसे परवडावे? प्रश्न रास्त आहे. पण मग तो काळ किती, हे विक्रीच्या वेळीच सांगावयास हवे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, तशी ती येथेही असावी, इतकेच गिऱ्हाइकाचे मागणे आहे.

हे मागणे केवळ हौशी लोकांचे नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आवाजाने दिवा लावता येणे, मुले परदेशी असलेल्या वृद्ध दांपत्याला दारावर कोण आले ते जागेवरून दिसणे, ही चैन नाही. तो आधार आहे. आणि जो आधार पूर्वसूचनेवाचून काढून घेता येतो, त्यावर भार टाकावा तरी कसा?

गिऱ्हाइकाच्या मताला वजन नसते, असे मात्र कोणी समजू नये. जानेवारी २०२० मध्ये सोनोस या ध्वनिक्षेपक बनविणाऱ्या कंपनीने जाहीर केले, की मे महिन्यापासून जुन्या यंत्रांत नव्या सुधारणा होणार नाहीत. गिऱ्हाइके इतकी संतापली, की कंपनीच्या प्रमुखांना क्षमा मागून, जुनी यंत्रे चालू राहतील आणि त्यांची सुरक्षितता शक्य तितका काळ सांभाळू, असे सांगावे लागले. इन्स्टिऑन कंपनीची हकीगत याहून बोलकी आहे. एप्रिल २०२२ मध्ये तिचे सर्व्हर अवचित बंद झाले. पुढे जून महिन्यात तिच्या काही गिऱ्हाइकांनीच एकत्र येऊन कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली!

गिऱ्हाइकांनी एकत्र येणे ही गोष्ट आपणा मराठी माणसांना नवी नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याचा माल एकत्र घ्यावयाचा, ही तिची रीत. त्या चळवळीने आपल्याला वजन, भाव आणि शुद्धता विचारावयास शिकविले. आता त्या तीन प्रश्नांत आणखी तीन जोडले पाहिजेत.

पहिला: इंटरनेट बंद असताना हे यंत्र हाताने चालेल काय? भिंतीवरचे साधे बटण निकामी करून टाकणारे यंत्र घरात घेऊ नये. दुसरा: कंपनी याची सुरक्षितता किती वर्षे सांभाळणार, आणि ते लेखी देणार काय? तिसरा: घरातले बोलणे आणि चित्रे कोठे साठविली जातात, आणि ती पुसण्याचा अधिकार कोणाला आहे? दुकानदाराला उत्तर येत नसेल, तर त्याच्यावर रागावू नये. त्याने प्रश्न कंपनीकडे पाठवावा, एवढाच आग्रह धरावा. एकाच प्रश्नाची शंभर पत्रे गेली म्हणजे त्याचे उत्तर छापावेच लागते.

ही अपेक्षा अवाजवी नाही, याला कायद्याचीही साक्ष आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांच्या उत्पादकांना, सुरक्षिततेच्या सुधारणा निदान किती काळ देणार, ते जाहीर करावे लागते. आणि सर्व नगांना एकच सोपा परवलीचा शब्द ठेवून माल विकता येत नाही. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सदोष वस्तू, सेवेतील उणीव आणि अनुचित व्यापार यांविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार त्याने दिला आहे. मुदतीचा शिक्का मात्र आपल्या बाजारात अजून मागून घ्यावा लागतो.

आणि तो मागण्याची वेळ हीच आहे. गुजरातेत धोलेरा येथे टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी १३ मार्च २०२४ रोजी झाली. योजिलेली गुंतवणूक सुमारे ९१,००० कोटी रुपयांची. आणि तेथे व्हावयाच्या चिपा मोटारींत व घरगुती उपकरणांत लागणाऱ्या जातीच्या आहेत. बडोदेकर श्रोत्यांच्या तर ही शेजारचीच गोष्ट. देशात चिप घडू लागेल, हा अभिमानाचा विषय खराच. पण चिप स्वदेशी झाली म्हणून तिच्यावर चालणाऱ्या यंत्राची सत्ता आपोआप घरधन्याकडे येत नाही. ती करारात लिहून घ्यावी लागते. आणि लिहून घेणारे गिऱ्हाईक जागरूक असावे लागते.

घराला शहाणपण यावे, यात वाईट काही नाही. घरधन्याने मात्र आपले शहाणपण त्या पेटीत कुलूपबंद करून किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नये, इतकेच सांगावयाचे होते.