चमचा किती, औषध किती?

बचत गटाच्या मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर विषय निघाला मुलांच्या तापाच्या औषधाचा. गटातल्या एकीची लेक नर्सिंग शिकते, ती सुट्टीला आली होती. तिनं पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आमच्यापुढे ठेवल्या.

मोठीवर लिहिलं होतं, ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम. ड्रॉपरवाल्या छोटीवर, १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. छोटी बाटली तान्ह्या बाळाची, म्हणून ती सौम्य असं आपण धरून चालतो. आता हिशेब करा. मोठीतलं ५ मिली म्हणजे १२५ मिलिग्रॅम. छोटीतलं तेवढंच दिलं तर ५००. चौपट! व्याजाचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आम्ही सगळ्या गप्पच झालो.

मिली म्हणजे पातळ औषध किती, आणि मिलिग्रॅम म्हणजे त्यात खरं औषध किती. तांब्याभर पाण्यात चमचाभर साखर घातली की मूठभर, हे नुसत्या तांब्यावरून कसं कळणार? मोठ्या बाटल्यांतही ५ मिलीला २५० मिलिग्रॅमवाली मिळते. म्हणून शेजारणीची बाटली आणली, की आपला जुना चमचा तिला लावायचा नाही.

डोस ठरतो वजनावर. साधारणपणे एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला १०० ते १५०. दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर, आणि दिवसरात्र मिळून ४ वेळांच्या वर नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, तर घरी काही न देता थेट डॉक्टरांकडे.

नर्सिंगच्या मुली औषध देताना पाच गोष्टी बघतात : रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. आपल्या घरात बहुतेक वेळा घोटाळा होतो तो औषधात आणि मात्रेत. सर्दीच्या कित्येक औषधांत पॅरासिटामॉल असतंच. ठळक नाव कंपनीचं, खालचं बारीक नाव औषधाचं. ते बारीक वाचायचं. अक्षर इंग्रजी असेल तर मेडिकलवाल्या दादांकडून चिकटपट्टीवर मराठीत लिहून घ्या, यात लाज कसली? आणि माप बाटलीसोबत आलेलंच वापरा. पोह्याचा चमचा घरोघरी वेगळा.

चुकून जास्त गेलंच, तर मूल खेळतंय म्हणून थांबू नका. यकृताला झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसते. लगेच दवाखाना गाठा, नाहीतर १०८ लावा. जाताना बाटली सोबत घ्या.