मुळांचा प्रश्न आणि युरियाची गोणी



हरितक्रांतीची चर्चा या देशात गेली साठ वर्षे चालू आहे. परंतु ती बहुतेक जमिनीच्या वरच्या अंगानेच झाली. ओंबी किती भरली, एकरी किती पोती उतरली, भाव काय मिळाला, हे हिशेब सर्वांना तोंडपाठ आहेत. जमिनीखाली पिकाच्या मुळांचे काय झाले आणि त्यापायी खताच्या खर्चाचे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. तो केवळ शास्त्रज्ञांचा प्रश्न नाही. शेतीच्या अर्थकारणाचा आहे.

प्रथम इतिहास पाहू जाता असे दिसते की, गव्हाचे जुने उंच वाण नत्राची मात्रा वाढवली की अधिकच उंच वाढत आणि ओंबीच्या भाराने लोळत. त्यावरचा उपाय जपानमधून आला. १९३५ साली तेथे ‘नोरिन १०’ हा बुटका वाण प्रसारित झाला. १९४६ साली त्याचे बी अमेरिकेत गेले. ऑर्व्हिल व्होगेल यांनी तेथे त्याचा संकर केला व नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत त्यापासून नवे वाण सिद्ध केले. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले. १९६४-६५ साली सुमारे १.२ कोटी टन असलेले गव्हाचे उत्पादन १९७०-७१ साली २.३८ कोटी टनांवर गेले. पी. एल. ४८० च्या गव्हासाठी परक्याच्या दाराशी उभे राहावे लागलेल्या देशाला ही गोष्ट लहान नव्हती. तिला नावे ठेवण्यात शहाणपण नाही.

परंतु या यशाची दुसरी बाजूही आहे. बुटकेपणा देणारी जनुके रोपाच्या वाढीला लावलेल्या ब्रेकसारखी असतात. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा संदेश आला तरी हा ब्रेक सुटत नाही, हे १९९९ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. २०१८ साली चिनी शास्त्रज्ञांनी भात व गहू या पिकांवर काम करून पुढचा दुवा जोडला: हाच ब्रेक नत्राच्या शोषणालाही आवर घालतो. म्हणजे बुटका वाण जास्त खत सोसतो, लोळत नाही. पण जमिनीतील नत्र ओढून घेण्यात तो तितका तरबेज नसतो. कॅलिफोर्नियातील अभ्यासकांनी २००७ साली असेही मांडले की, हरितक्रांतीच्या अनेक गव्हांचा मूळसंभार जुन्या देशी वाणांपेक्षा लहान आहे. सर्वच प्रयोग एकमुखाने असे सांगत नाहीत, आणि नव्या वाणांनी दर किलो नत्रामागे जुन्यांपेक्षा अधिक धान्य दिले, हेही खरे. पण ती करामत मुख्यतः काडाऐवजी दाणा वाढण्याची होती, मुळांची नव्हे.

असे का झाले? कारण निवड कोणत्या शेतात झाली, यात आहे. प्रयोगाच्या वाफ्यात पाणी पुरेसे, खत मुबलक. तेथे खोल जाण्याची मुळांना गरज काय? शिवाय मूळ डोळ्यांना दिसत नाही; ते मोजायचे तर माती खणावी आणि धुवावी लागते. जे मोजले नाही ते निवडलेही गेले नाही.

त्याची किंमत मोठी आहे. १९९९ च्या एका अंदाजानुसार जगात तृणधान्यांना दिलेल्या नत्रापैकी केवळ तृतीयांश दाण्यात उतरते. उरलेल्यातला काही भाग अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुळांच्या खाली निसटतो आणि विहिरीत उतरतो, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवा तापवतो. १९९२ साली स्फुरद व पालाश यांचे भाव मोकळे झाले, युरियाचे नियंत्रणात राहिले. २०१० च्या नव्या अनुदानपद्धतीतही युरिया वेगळाच ठेवला गेला. स्वस्त युरियाने मुळांचा उणेपणा झाकला. त्याचा भुर्दंड सरकारी तिजोरी, माती आणि गावची विहीर मिळून भरतात.

उपाय आकाशातून पडायचा नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण रब्बीत काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर तग धरतो. ज्वारीच्या मुळांतून सोर्गोलिओन नावाचे द्रव्य झिरपते; ते जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते आणि नत्र निसटू देत नाही. २०२१ साली जपानी व मेक्सिकोतील संशोधकांनी असाच गुण एका रानगवतातून गव्हात आणल्याचे जाहीर केले. फिलिपाइन्सच्या कोरडवाहू भातातील खोल मुळांचे जनुक २०१३ साली ‘आयआर ६४’ या लोकप्रिय वाणात आले आणि त्याने अवर्षण अधिक सोसले. ज्यांना खत परवडत नव्हते, त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या हा ठेवा आपल्या बियाण्यात राखला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तेव्हा शेतकरी चळवळीतील कार्यकर्त्यांनी केवळ खताच्या भावावर थांबू नये. सार्वजनिक संशोधन केंद्रांत कमी नत्रावर आणि कोरडवाहू जमिनीवर वाणांच्या चाचण्या झाल्या पाहिजेत, मुळे मोजली गेली पाहिजेत, निष्कर्ष शेतकऱ्यांपुढे उघडे ठेवले पाहिजेत. बी राखण्याचा व देण्याघेण्याचा जो हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे, तो अबाधित राहिला पाहिजे. खासगी कंपनी ज्या गुणाला गिऱ्हाईक आहे तोच गुण शोधणार. गोणीभर युरिया वाचवणाऱ्या मुळाची मागणी अखेर त्या युरियाचे ओझे वाहणाऱ्यांनाच करावी लागेल.