एक क्रियापद, अनेक कर्मे



मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या भाषांविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझा विषय व्याकरणाचाच आहे. आपण विहिरीतून पाणी काढतो, चित्र काढतो, कर्ज काढतो आणि हालाखीत दिवसही काढतो. क्रियापद एक, कृती मात्र कर्मानुसार निराळी. ‘मोजणे’ तसे नव्हे. रुपये असोत वा आंबे, मोजण्याची रीत एकच. संगणकभाषांतील अशाच स्वरूपाचा भेद ख्रिस्तोफर स्ट्रेची या इंग्रज संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली कोपनहेगन येथील व्याख्यानांत मांडला. पहिलीला आपण प्रासंगिक बहुरूपता म्हणू, दुसरी पॅरामेट्रिक.

छापणे हे पहिल्या वर्गातले. संगणकाच्या स्मृतीत केवळ शून्ये आणि एक असतात. आस्की संकेतानुसार ६५ ही संख्या म्हणजेच रोमन लिपीतील मोठा ‘ए’. मग पडद्यावर उमटवावे काय? त्यासाठी मूल्याचा प्रकार ठाऊक हवा. सी भाषेत ‘प्रिंटएफ’ला तो टक्का-डी, टक्का-एस अशा खुणांनी सांगावा लागतो. खूण एका प्रकारची आणि मूल्य भलत्याच प्रकारचे असले, तर काय घडेल याची हमी ती भाषा देत नाही.

निकलाउस विर्थ यांच्या पास्कलमध्ये ‘राइट’ ही आज्ञा पूर्णांक, दशांश, अक्षर हे सारे आपणहून ओळखते. सोय उत्तम, पण मला तीत एक उणीव दिसते. आपण ‘तारीख’ असा नवा संयुक्त प्रकार निर्माण केला, तर ‘राइट’ तो स्वीकारत नाही, आणि ‘राइट’सारखी प्रकारानुसार वागणारी आज्ञा स्वतः घडवण्याची मुभाही प्रमाण पास्कल देत नाही. तो अधिकार भाषाकर्त्याने स्वतःपाशी राखला! आपली मराठी अशी कृपण नाही. ‘टेबल’ आले, की लगेच ‘टेबलावर’ झाले. कोणाची परवानगी लागली नाही.

१९८९ मध्ये फिलिप वॉडलर व स्टीफन ब्लॉट यांनी ‘टाइप क्लास’ ही कल्पना मांडली, आणि हास्केल भाषेने ती स्वीकारली. तीत ‘शो’ नावाचा वर्ग आहे. नवा प्रकार घडवणाऱ्याने त्याचे छापील रूप एकदा सांगावे. मग यादी छापण्याची पूर्वीच लिहिलेली रीत तारखांच्या यादीलाही जशीच्या तशी लागू पडते. सांगितलेच नाही, तर? एखादे फलन छापायला सांगून पाहा. त्याचे छापील रूप कोणी ठरवून दिलेले नसल्याने कंपायलर ती आज्ञा, प्रोग्राम चालण्याआधीच, परत पाठवतो.