शेजारची रेघ



इटलीच्या सहलीबद्दल पाच मिनिटं बोल, असा संयोजकांचा हुकूम आहे. बारा दिवसांत पाहिलेलं सगळं सांगत बसलो तर जेवणं थंड होतील. म्हणून दोनच मूर्तींबद्दल बोलतो. दोन्ही मायकेलअँजेलोच्या आणि दोन्हींचा विषय एकच: क्रुसावरून उतरवलेला येशू आणि त्याला धरलेली त्याची आई. अशा शिल्पाला तिकडे ‘पिएता’ म्हणतात.

पहिली रोमला, सेंट पीटर्समध्ये. १४९९ साली ती पूर्ण झाली तेव्हा हा गडी जेमतेम चोवीस वर्षांचा होता. आईच्या मांडीवर मुलगा, आणि संगमरवराला अशा चुण्या की कापडच वाटावं. १९७२ साली एकाने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेआड आहे. मी पाहिली, फोटो काढला आणि गाइडच्या झेंड्यामागे निघालो. खरं सांगतो, आत काही हललं नाही.

दुसरी मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यात आहे. १५६४ साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो वारला. त्याआधी काही दिवसांपर्यंत तो हीच घडवत होता. ती अपुरीच राहिली. चेहरे पुसट, अंगभर छिन्नीचे ओरखडे. आधी कोरलेला येशू त्याने मोडून पुन्हा नव्याने सुरू केला होता. त्या जुन्या येशूचा एक गुळगुळीत हात अजून बाजूला उभा आहे, धडापासून सुटा.

इथे आई मुलाच्या मागे उभी राहून त्याला सावरते आहे. पण बाजूला जाऊन पाहिलं, तर मुलानेच आईला पाठीवर घेतलंय असं वाटतं.

माझे पाय तिथेच थांबले. गेल्या वर्षी माझी आई गेली. शेवटचे आठ महिने मी तिला असंच काखेत हात घालून पलंगावरून खुर्चीत बसवायचो. एकदा कंबर दुखत होती, मी खेकसलो, “आई, जरा जोर लाव ना!” ती म्हणाली, “लावतेय रे. तू पडशील म्हणून मीच धरलंय तुला.”

मी चर्चला जाणारा माणूस नाही. पण तिथे आपोआप हात जोडले गेले, आणि मग रडू आवरेना.

चित्रकलेच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुम्ही आम्हाला खोडरबर वापरू द्यायचा नाहीत. म्हणायचात, “चुकलेली रेघ राहू दे, शेजारी बरोबर काढ.” मिलानमधला तो सुटा हात पाहून तुमची आठवण आली. माझं ते खेकसणंही तसंच राहिलंय, आणि आता शेजारी बरोबर रेघ काढायला आई नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आज कुणी वाट पाहत असेल, त्यांचा मला मनापासून हेवा वाटतो.