जुलैत नको, पौषात या



जुलैतल्या रविवारी सकाळी कर्जत स्टेशनचा पूल उतरायला पंधरा मिनिटं लागतात. पाठीवर सॅक, अंगात रेनकोट, गळ्यात शिट्टी लटकवलेला म्होरक्या आणि त्याच्या मागे तीस-चाळीस पोरं. बाहेर रिक्षावाले कोंढाण्याचा, पेठचा पुकारा करत असतात. तिथेच ठाकूरवाडीतल्या बायका रानभाजीच्या जुड्या मांडून बसलेल्या. गर्दी त्यांना वळसा घालून पुढे जाते. परतीच्या गाडीची वेळ होईस्तोवर त्या जुड्या कोमेजून गेलेल्या असतात.

मी या भागातला. तीस वर्षं हे डोंगर चढतोय, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही असाच वळसा घालून गेलो. तेव्हा हे बोलणं दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला म्हणून घेऊ नका.

आता पेठच घ्या. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवलीला जायचं आणि तिथून दीड-दोन तास चढलं की पेठ गाव. गावाच्या डोक्यावर कोथळीगडाचा सुळका. त्या सुळक्याच्या पोटातून वर चढणारा कातळात कोरलेला जिना पाहिला की माणूस गप्प होतो. उतरून आल्यावर भूक लागते, मग गावात कुणाच्या तरी पडवीत पिठलं-भाकरी. सगळे सांगतात, गावातच जेवा, पैसे गावात राहतात. खरं आहे. पण ती भाकरी होते कशी, हे एकदा चुलीजवळ बसून बघा.

हा भाताचा मुलूख, म्हणून भाकरी तांदळाची. पिठाची उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, थापायची. एका भाकरीला तीन मिनिटं धरा. चाळीस माणसं, माणशी दोन, म्हणजे ऐंशी भाकऱ्या. एक तवा, एक बाई, चार तास. म्हणजे अकराला जेवण हवं तर ती पहाटेच उठलेली असते. आणि जुलै म्हणजे आवणी! चिखलणी झालेली, रोपं उपटून तयार, पाऊस लागलेला. त्या दिवशी तिने गुडघाभर चिखलात असायला हवं. अशा दिवशी एक म्होरक्या ताटामागे वीस रुपये कमी करा म्हणून अर्धा तास हुज्जत घालत होता, ते मी ऐकलं आहे. तो कुठल्या गटाचा ते सांगत नाही. सांगून उपयोग नाही, बरेच तसलेच असतात.

मग जुलैत जाऊच नये का? मी एका मावशींना हेच म्हटलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, पावसातच तर कणग्या रिकाम्या असतात, तेव्हाचे शंभर रुपये दिवाळीतल्या पाचशेंच्या तोडीचे. मला उत्तर सुचलं नाही. माथेरानात जन्मलेल्या भाई कोतवालांनी शेतकऱ्यांना आणि आदिवासींना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या, त्या याच रिकाम्या कणग्यांपायी. १९४३च्या जानेवारीत सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. कोठ्या गेल्या, पण पावसाळ्यातली ती ओढ पुरती गेलेली नाही.

तरीही मी म्हणतो, पौष-माघात या. पावसाळ्यात हात अडचणीत आला की काही घरं, विशेषतः कातकऱ्यांची, वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतात. दिवाळी झाली की ती फेडायला पोराबाळांसकट भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे डोंगर कोरडा, हवा स्वच्छ, वाट पायाखाली घट्ट, अशा नेमक्या दिवसांत वाडीतली काही दारं बंद. आणि आमचे ट्रेकर घरी बसलेले, का, तर धबधबा नाही! हिवाळ्यातल्या चार-सहा रविवारी वाटाड्याचं, जेवणाचं, मुक्कामाचं काम मिळालं म्हणून भट्टी सुटेल, असा दावा मी करणार नाही. पण एखादं घर पुढच्या वर्षी उचल थोडी कमी घेईल, इतपत भाबडेपणा मला परवडतो.

पावसाबद्दल दुसरीही गोष्ट आहे. खालापूर तालुक्यात चौकच्या वर इरशाळगड आहे. त्याच्या नेढ्याकडे जाणारी वाट इरशाळवाडीतून जायची. आम्ही कितीदा तिथे पाणी प्यायलो, ओसरीवर पाठ टेकली. १९ जुलै २०२३च्या रात्री डोंगराचा कडा त्या वाडीवर आला. वर गाडीरस्ता नव्हता, मदत पायी चढली आणि माती हातांनी उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं मिळालीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवला. शाळेत झोपायला गेलेली काही पोरं वाचली. उरलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने खाली चौकजवळ घरं बांधली. जिथे ही माणसं गाडली गेली आहेत, तिथे आता कुणी सेल्फी काढायला जाऊ नये. एवढं सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

वागावं कसं, हे शिकायला परदेशी पुस्तकं नकोत. सांडशीवरून ढाकच्या बहिरीला जा. वाट अवघड आहे, गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याची मजुरी न घासता द्या. वर कड्यातल्या गुहेत पाण्याची टाकी आहेत आणि देवाची भांडीही. ती कुणीही घ्यावीत, रांधावं, जेवावं आणि घासून जागच्या जागी ठेवावीत. तिथे ना कुलूप, ना पावती.

आणि पौषात येण्याचं माझं खरं, थोडं स्वार्थी कारण शेवटी सांगतो. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर इथे वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे अंडी, बटाटे, कुणाची ऐपत असेल तशी कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा, पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. झालं की नाही ते ओळखायला वाडीतला म्हातारा मडक्यावर पाणी शिंपडतो. चर्र आवाज आला आणि पाणी लगेच उडून गेलं की काढा. गेल्या माघात आम्ही पाच जण होतो, यजमानांच्या घरचे आठ. दुपारी शेंगा तोडायलाही आम्हाला लावलं होतं. पैसे किती द्यायचे विचारलं तर म्हातारा म्हणाला, आधी मडकं तर फुटू दे.